रोज सिंहगड चढणाऱ्याला लेहमध्ये विरळ हवेचा त्रास होतो का?

होतो, आणि दमदार माणसालाही तितकाच होऊ शकतो. रोजच्या सिंहगडाने पाय आणि दम तयार होतो, विरळ हवेची सवय होत नाही. कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक, १६४६ मीटर. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे आणि तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. शरीर लगेच श्वास आणि नाडी वाढवतं. जास्त श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून रक्त थोडं अल्कधर्मी होतं, ते मूत्रपिंडं दोन-चार दिवसांत सावरतात (म्हणून तिथे लघवीला जास्त होते, घाबरू नका). तांबड्या पेशी वाढायला मात्र काही आठवडे लागतात. सवय होण्याच्या या वेगावर व्यायामाचा फारसा परिणाम होत नाही. उलट तब्येत चांगली असलेली मंडळी पहिल्याच दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला निघतात आणि रात्री डोकं धरून बसतात.

विमानाने जात असाल तर:
- पहिले दोन दिवस निव्वळ आराम, दारू नाही.
- पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. खारदुंगला खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात मुक्काम चालतो, कारण तो लेहपेक्षा खाली आहे.
- ॲसिटाझोलामाइड (विरळ हवेचा त्रास टाळण्याचं औषध) डॉक्टरांना विचारूनच. सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

फिटनेस अगदीच वाया जात नाही, सवय झाल्यावर चढताना तोच उपयोगी पडतो. पण बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर वाट न पाहता खाली उतरायचं.