मोटरहोम थेट आर्क्टिकपर्यंत न्यावी का?

प्रश्न : लेक कॅनडात, कॅलगरीला असते. जुलैच्या सुरुवातीला मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडच्या युकॉन प्रदेशामार्गे तुक्तोयाक्तुक या गावी, समुद्रापर्यंत जायचंय. जमेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल, पण काकू, आधी भाडेकरार वाचा. तिकडे जाणाऱ्या डेम्पस्टर हायवेवर गाडी न्यायला बऱ्याच कंपन्या मनाई करतात, आणि ते उगाच नाही. युकॉनमधल्या डॉसन गावाजवळून उत्तरेला इनुविक गावापर्यंतचा हा सुमारे ७४० किमी रस्ता जवळजवळ सगळा खडीचा. त्यातल्या धारदार कपच्या टायर चिरतात. एका स्टेपनीवर भागत नाही, दोन घ्या. पाऊस झाला की नुसता राडा.

डॉसनला टाकी काठोकाठ भरा. पुढचा पंप थेट ईगल प्लेन्सला, ३६९ व्या किलोमीटरवर. पंप, हॉटेल, पंक्चरवाला, संपलं गाव! पील आणि मॅकेन्झी नद्यांवर पूल नाहीत, फेरीबोट नेते, तीही फुकट. इनुविकपुढचा तुक्तोयाक्तुकपर्यंतचा बारमाही रस्ता २०१७ मध्ये सुरू झाला, तोही खडीचाच. जुलैच्या सुरुवातीला तिथे सूर्य मावळत नाही, जाड पडदे न्या. आणि डास! त्यांच्यापुढे आपले पावसाळ्यातले डास बिचारे.

समोरून ट्रक आला की बाजूला घेऊन थांबा. खडा काचेवर यायचा तो येतोच, पण मी तरी थांबते.