कंडेन्सर ड्रायरला बाहेर पाईप नसतो, मग कपड्यातलं पाणी जातं कुठे?

टाकीत जातं, किंवा होज जोडला असेल तर थेट ड्रेनमध्ये. आत हवेचे दोन वेगळे रस्ते असतात आणि सगळी गंमत त्यातच आहे. ड्रममधली हवा तीच तीच फिरत राहते, हीटरवर तापते, कपड्यातून ओल घेते, लिंट फिल्टरमधून (कपड्यांचे सुटलेले तंतू अडवणारी जाळी) जाऊन अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या हीट एक्स्चेंजरमध्ये येते, तिथे पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने खोलीतली हवा आडवी वाहत असते, त्यामुळे फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतो तसा घाम सुटतो आणि ते पाणी पंप वर टाकीत टाकतो.

म्हणजे थंडावा तुमच्या खोलीच्या हवेचा. मे महिन्यात मुंबईत बंद बाथरूममध्ये ठेवलात तर ती हवा आधीच गरम, त्यात मशीन अजून तापवणार, मग वेळ वाढतो. दार उघडं ठेवा प्लीज.

वीज का खातो? १ लिटर पाण्याची वाफ करायलाच साधारण ०.६५ युनिट लागतं, वर ती उष्णता खोलीत वाया जाते. हीट पंपवाल्या ड्रायरमध्ये हीच उष्णता एसीसारख्या गॅसच्या सर्किटने ड्रममधली हवा परत गरम करायला वापरतात, म्हणून वीज साधारण निम्मी, पण तापमान कमी त्यामुळे वेळ जास्त लागतो. माझ्या मते रोज वापरणार असाल तर हीट पंपवालाच घ्या.

आणि वॉशर-ड्रायर कॉम्बो घेताना नक्की विचारा, बऱ्याच मॉडेलमध्ये वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात, टँकरवाल्या सोसायटीत ते परवडत नाही. कपडे आधी जास्त आरपीएमवर पिळून घ्या, सगळ्यात स्वस्त वाळवणं तेच.