नाशिकच्या थंडीत इगतपुरी-त्र्यंबकच्या ओढ्यांत फ्लायवर (गळावर बांधलेल्या बनावट किड्यावर) ट्राउट मासा लागेल का?

नाही, पारा दहाच्या खाली गेला तरी इथे ट्राउट नाही, कारण त्याला थंड पाणी बारा महिने लागतं. साधारण १० ते १८ अंशांत तो खूश; २५ च्या आसपास पाण्यातला प्राणवायू त्याला पुरेनासा होतो, आणि आपले बहुतेक ओढे एप्रिलपर्यंत डबक्यांवर येतात. हिमाचलचं तिकीट लगेच काढू नका: तिथे १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या पाण्यात मासेमारी बंद असते, ब्राउन ट्राउटचा अंडी घालायचा हंगाम म्हणून. मार्चमध्ये तीर्थन खोऱ्यात जा, मत्स्य विभागाचा परवाना काढून. पाणी तेव्हाही बर्फाचंच, मासा सुस्त, तळाशी. त्यामुळे पहाटे उठून कुडकुडण्यात अर्थ नाही, अकरा ते तीन हीच वेळ. सुकी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय बहुधा पेटीतच राहील. मणी लावलेली छोटी निम्फ (बुडणारी फ्लाय) तळालगत वाहू द्या आणि दोरा जरा अडखळला की काठी उचला. बऱ्याचदा दगडच निघतो. फेकीचा सराव मात्र नाशकात होतो: गळाऐवजी टोकाला लोकरीचा तुकडा बांधा आणि मोकळं मैदान गाठा. धरणांवर मासेमारीचे ठेके दिलेले असतात, तिथे आधी विचारा.