मासळीच्या छोट्या खानावळीत पहिल्यांदा जाताय?

दादर-गिरगावातल्या खानावळीत चौघं जाताय, छान! फक्त प्रत्येकी थाळी मागवू नका. नवख्यांची पहिली चूक हीच: चार सारख्या थाळ्या, चार सुरमईच्या तुकड्या. मेनूकार्ड बाजूला ठेवा आणि वाढणाऱ्या दादांना विचारा, "आज ताजं काय आलंय?"

जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात. तेव्हा पापलेटचा हट्ट धरलात तर बहुधा बर्फातलंच मिळेल. त्या दिवसांत सुकटीची, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीची चटणी मागवा. कुठे कुठे सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) घातलेली शेवळं ही रानभाजीही मिळते. ती पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस येते, दिसली की अजिबात सोडू नका.

सुरुवातीला एवढं पुरे:

- आधी दोनच पदार्थ, मधोमध ठेवून: बोंबील फ्राय आणि तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं. बोंबील आला की गप्पा थांबवा, तो लगेच मऊ पडतो.
- मग एक कालवण आणि तांदळाची भाकरी. भात शेवटी, सोलकढीबरोबर.
- पापलेट, खेकड्यांचा भाव आकारावर असतो. आधी विचारा, त्यात संकोच कसला!

रविवारी एकच्या आत पोचा, चांगल्या तिसऱ्या लवकर संपतात. गाबोळी (माशांची अंडी), कालवं (ऑयस्टर) पुढच्या खेपेला.