येळवशीची भज्जी बेचव का लागली?

"ताई, मी औसा तालुक्यातला शेतकरी, वय ४४. २२ वर्षं तंबाखू-चुना चालला. सोडून १६ दिवस झाले. येळवशीला (वेळ अमावस्येला) सगळं गणगोत शेतात जमलं, भज्जी-अंबील झाली, पण मला कशाचंच काही वाटलं नाही. पोरगी भरतीत निवडली गेली, तरी आत काही हललं नाही. बायको म्हणते, दगड झालात. तंबाखूसोबत माझं मनही गेलं का?"

भाऊ, भज्जीत खोट नाही, तुमच्यातही नाही. (तसंही ही मिसळ भाजी दुसऱ्या दिवशी शिळीच जास्त चवदार लागते, हे माझं ठाम मत.)

तंबाखूतल्या निकोटीननं मेंदूत डोपामिन, म्हणजे गोडी वाटायला लावणारं रसायन, सुटतं, हे तुम्ही ऐकलं असेल. त्याची दुसरी करामत फार जणांना ठाऊक नसते. त्या वेळी जे चाललेलं असेल, चहा, गप्पा, बांधावरची सावली, त्याचीही गोडी ते वाढवून देतं. २२ वर्षं तुमच्या मेंदूला ही वाढीव गोडीच माहीत. ती एकाएकी बंद झाली, आता साधी गोडी त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. पोरीवरची माया जागच्या जागी आहे.

सगळ्यात अवघड पहिले ३-४ दिवस, ते तुम्ही काढलेत. चिडचिड, उडालेली झोप बहुतेकांची ३-४ आठवड्यांत निवळते. निकोटीनमुळे मेंदूत जे बदल झालेले असतात, ते पूर्ववत व्हायला मात्र ६ ते १२ आठवडे लागू शकतात. सोळाव्या दिवशी कसला हिशेब मांडता?

भीती मला हुरड्याची वाटते. तिथं कुणीतरी पुडी पुढं करणारच. एक चिमूट दाबली की सगळं उजळेल आणि तुम्ही म्हणाल, बघा, सुख यातच होतं. पण ते सुख बरंचसं तलफ भागल्याचं असतं, आणि ती तलफ तंबाखूनंच लावलेली.

वहिनींना हे वाचून दाखवा. आणि पोरीला पेढा तुमच्याच हातानं भरवा, आत काही हलो न हलो. तिला बाप हवाय, त्याचं डोपामिन कुणी मोजत नाही.

तलफ आवरत नसेल तर मेडिकलवर २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम चिठ्ठीशिवाय मिळतो. तो सारखा चघळायचा नाही, थोडा चावून गालात दाबून ठेवायचा. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्याचा सरकारी नंबर, फुकट आहे. महिनाभरानंतरही मन असंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटला तर मात्र महिना थांबायचं नाही, त्याच घडीला १४४१६ हा मानसिक मदतीचा सरकारी नंबर लावा, रात्र असली तरी.