वाचकांचे प्रश्न : घरी बांधलेल्या ॲम्प्लिफायरची सुधारणा

प्रश्न : मागील वर्षी मी टीडीए २०३० या आयसीचे (आवाज मोठा करणाऱ्या चिपचे) दोन बोर्ड वापरून घरीच स्टिरिओ ॲम्प्लिफायर तयार केला. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ चा (मधली तार शून्याची, दोन्ही टोकांना १२ व्होल्ट), ३ अँपिअरचा असून धन आणि ऋण अशा प्रत्येक बाजूला २२०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आहे. पूर्वी प्रत्येक चॅनलवर ८ ओहमचा एकच स्पीकर होता. दिवाळीत त्याला समांतर दुसरा जोडला. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज, ऐकू येतो. शिवाय उन्हाळ्यात दुपारी अर्ध्या तासाने आवाज बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतो. वडिलांच्या भजनांच्या कॅसेटी आणि परभणी आकाशवाणी आम्ही यावरच ऐकतो. आवाज वाढवण्यासाठी १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर लावावा, असे दुकानदाराने सुचवले आहे. लावावा का? — एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : हा ट्रान्सफॉर्मर या बोर्डांना कृपया लावू नका. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेल्या व्होल्टची सुमारे १.४१ पट करून त्यातून डायोडचे ०.७ व्होल्ट वजा केले की कपॅसिटरवर मिळणारा दाब कळतो. १८-०-१८ वर तो दोन्ही बाजूंना जवळपास २४.७ व्होल्ट होतो, आणि टीडीए २०३० ची कमाल मर्यादा दोन्ही बाजूंना १८ व्होल्ट आहे. खरे तर तुमचा सध्याचा १२-०-१२ सुद्धा काठावरच आहे. २३० व्होल्टला तो सुमारे १६.३ व्होल्ट देतो. पण आपल्याकडे शेतातल्या मोटारी बंद झाल्या आणि घर डीपीजवळ (गावच्या वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरजवळ) असले की रात्री विजेचा दाब २५० च्या आसपास चढतो, आणि तेव्हा हाच आकडा १७.७ वर जातो. त्यातच ॲम्प्लिफायर नुसता चालू ठेवला असेल, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर भार नसेल, तर १८ ची रेषा सहज ओलांडली जाते. रात्री दहानंतर मीटर लावून एकदा मोजून पाहा. आकडा १७.५ च्या वर दिसला तर त्याच पायांचा टीडीए २०३०ए बसवा. त्याची मर्यादा २२ व्होल्ट आहे.

मोठा आवाज हवाच असेल तर १८-०-१८ वर एलएम ३८८६ या अधिक ताकदीच्या आयसीचा नवा बोर्ड बांधता येईल. मात्र आज ८ ओहमवर तुम्हाला जे साधारण १० वॉट मिळतात ते त्यामुळे २७ च्या आसपास जातील, आणि ही वाढ जेमतेम ४ डेसिबलची आहे. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. एका वॉटला १ मीटरवर ८४ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९० डेसिबल देणारा घेतला, तर त्याच ॲम्प्लिफायरवर चौपट वॉट मिळवल्याचा परिणाम साधतो. म्हणून माझे मत असे की पैसे स्पीकरवर खर्च करावेत.

आता हमकडे वळू, कारण भजन ऐकणाऱ्याला वॉट कमी पडल्याने होतो त्याहून अधिक त्रास हमचा होतो. ‘कपॅसिटर वाढवा’ हा सल्ला तुम्हाला सगळेच देतील. हिशेब केला तर दिसते की आवाज नसताना दोन्ही आयसी मिळून ०.१ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतात, आणि तेवढ्यावर २२०० मायक्रोफॅरडमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी तरंग (दाबातला चढउतार) उरतो, ज्याचा बराचसा भाग आयसी स्वतःच दाबून टाकतो. व्हॉल्यूम शून्यावर असताना ऐकू येणारा हम त्यामुळे बहुधा कपॅसिटरचा नसतो; तो ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या सामाईक तारेचा असतो. असे अनेक डबे मी उघडून पाहिले आहेत आणि बहुतेकांत दोष एकाच जागी सापडला : ट्रान्सफॉर्मरची मधली तार दोन कपॅसिटरांच्या सांध्यापर्यंत ज्या वाटेने येते, त्याच वाटेवर कुठेतरी इनपुटचे ग्राउंड जोडलेले असते. त्या तारेतून सेकंदाला १०० वेळा चार्जिंगचे जोरदार झटके जातात. तारेत त्यामुळे जो थोडासा व्होल्ट पडतो तो इनपुटला मिळतो, आणि तुमच्या बोर्डावर नेहमीप्रमाणे २२ किलोओहम व ६८० ओहमचे रेझिस्टर असतील तर तो ३३ पट होऊन बाहेर पडतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. मधली तार थेट दोन कपॅसिटरांच्या सांध्यावर आणा, तिथून एक जाड तार काढून वेगळा बिंदू करा, आणि स्पीकरच्या परतीच्या तारा, बोर्डांचे ग्राउंड व इनपुटचे ग्राउंड स्वतंत्रपणे त्या बिंदूवर डाख देऊन जोडा. इनपुटला शील्डची तार वापरा आणि ती ट्रान्सफॉर्मरपासून दूर न्या. एवढे झाल्यावर कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरडचे करा. त्याचा फायदा मोठ्या आवाजात दिसेल, कारण १ अँपिअर प्रवाहावर तरंग साडेचार व्होल्टवरून एका व्होल्टवर येतो. भारनियमनाच्या वेळी चौरस लहरीच्या इन्व्हर्टरवर थोडी घरघर वाढली तर तो तुमच्या जोडणीचा दोष समजू नका.

दुपारी आवाज बंद पडतो त्याचे कारण दिवाळीत जोडलेला स्पीकर. ८ ओहमला समांतर ८ ओहम म्हणजे ४ ओहम, आणि त्यामुळे प्रत्येक आयसीत उष्णता म्हणून जाणारी शक्ती कमाल ६.५ वॉटवरून १३ वॉट होते. आयसीच्या गाभ्यापासून हीट सिंकपर्यंत (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंखांच्या धातूपर्यंत), मधला मायका (वीज अडवणारा पातळ तुकडा) धरून, दर वॉटला साधारण ४ अंश चढतात. म्हणजे ५२ अंश तिथेच गेले. मे महिन्यात बंद डब्यातली हवा ५० अंशांची असेल, तर १५० अंशांवर आयसी स्वतःला बंद करण्यापूर्वी हीट सिंकच्या वाट्याला जेमतेम ४८ अंश उरतात. आयसी स्वतःला वाचवत आहे, हे चांगलेच आहे. पण रोज तशी वेळ येऊ देऊ नका. दुसरे स्पीकर काढा किंवा हीट सिंक डब्याच्या बाहेर, पंख उभे राहतील असा बसवा. आयसीची धातूची पाठ ऋण पुरवठ्याला जोडलेली असते, त्यामुळे मायका आणि स्क्रूचे प्लॅस्टिक बुश विसरू नका.

प्रश्न : नवीन बोर्ड सुरू करताच माझे आयसी दोनदा जळाले. पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी? — एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा, एलईडी चालणार नाही. कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो पूर्ण उजेडाने पेटत राहिला तर लगेच बंद करून शॉर्ट शोधा. ऋण बाजूच्या कपॅसिटरचे धन टोक ग्राउंडकडे असावे लागते, आणि ते उलटे लावलेले मला वारंवार आढळते. बल्ब मंद झाल्यावर, स्पीकर न जोडता, आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये डीसी मोजा. दहा-वीस मिलिव्होल्ट चालतील. एक-दोन व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडू नका. माप योग्य आल्यावरच बल्ब काढा आणि पहिल्या तासासाठी घरातला एखादा जुना स्पीकर लावा.