दोन-दोन कॉमा येत्यात त्याचं कारण कॉन्कॅटिनेट नाही, रिकामे सेल

ताई, तुमच्या निपाणीकडच्या बचत गटाच्या यादीत घर नंबर, गल्ली, गाव, तालुका, पिन असे वेगळे कॉलम आहेत, एक्सेलात कॉन्कॅटिनेट ह्या सेल जोडायच्या फंक्शननं जोडलं तर मधेच दोन-तीन कॉमा एकाला एक लागून येत्यात, असं म्हणालाय. येणारच की. गावात राहणारी बाई गल्ली सांगते, मळ्यात राहणारी कसली गल्ली सांगणार, घर नंबर पण बऱ्याचदा नसतो. कॉन्कॅटिनेटला त्याचं काही नाही, तुम्ही कॉमा दिलाय म्हणजे तो टाकणार, मग सेलात काही असो नसो.

तुम्हाला टेक्स्टजॉइन पाहिजे. समजा बी ते ई मध्ये घर नंबर ते तालुका आणि एफ मध्ये पिन आहे, तर (इथं देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये इंग्रजीतच टाईप करा)

=टेक्स्टजॉइन(", ",ट्रू,बी२:ई२)

ते मधलं ट्रू म्हणजेच सगळी गंमत, रिकामा सेल असेल तर सोडून दे असं सांगणं. आणि अख्खी रेंज एकदम देता येते, एकेक सेल टिपत बसायला नको. पिनच्या आधी कॉमा नको डॅश पाहिजे असेल तर ह्यालाच दुसऱ्या टेक्स्टजॉइनमध्ये घाला:

=टेक्स्टजॉइन(" - ",ट्रू,टेक्स्टजॉइन(", ",ट्रू,बी२:ई२),एफ२)

पिन नसेल त्या बाईच्या पत्त्यामागं डॅश लोंबकळत राहत नाही. इफ-बिफ काही लागत नाही.

एवढं करून पण एखाद्या रो मध्ये दोन कॉमा दिसले तर त्या सेलात स्पेस पडलीय असं समजा. एंट्री करणाऱ्या पोरांना डिलीटऐवजी स्पेसबार दाबायची सवय असते, डोळ्याला सेल रिकामा दिसतो पण एक्सेलला तो भरलेला. मग बी२:ई२ च्या जागी ट्रिम(बी२:ई२) लिहा. एक्सेल २०१९ असेल तर एंटर नाही, कंट्रोल-शिफ्ट-एंटर, आणि गुगल शीट्समध्ये बाहेरनं ॲरेफॉर्म्युला लावा.

२०१९ च्या आधीच्या साध्या एक्सेलात मात्र टेक्स्टजॉइन हे फंक्शनच नाही, नेम एरर येते. मी ह्यात चांगलाच अडकलोय. आमच्या सोसायटीच्या सभेची लेबलं काढायला पेनड्राइव्ह घेऊन बेळगावात एका दुकानात गेलो, फाईल उघडली तेव्हा सगळे पत्ते दिसत होते, आणि त्या पोरानं माझ्या सांगण्यावरनंच एका गावाचं स्पेलिंग नीट केलं तर त्या रो चा पत्ता गायब, एरर. त्याचं एक्सेल जुनं होतं, चूक माझी. तेव्हापासनं बाहेर न्यायची फाईल असली की जोडलेला कॉलम कॉपी करून पेस्ट स्पेशलमधनं व्हॅल्यूज करूनच नेतो. जुन्यावरच काम करायचं असेल तर असं लांबण लावा:

=डी२&इफ(ई२="","",", "&ई२)

गाव सगळ्यांचं असतंच म्हणून तिथनं सुरुवात, बाकीचे सेल पण असेच एकेक इफ लावून जोडत जा.

सभासद झाल्याची तारीख पण जोडणार म्हणालाय, ती तशीच जोडली तर १ जानेवारी २०२४ चं ४५२९२ होऊन बसतं. घाबरू नका, एक्सेल तारखेला आकडाच धरतं. टेक्स्ट(जी२,"डीडी-एमएम-वायवायवायवाय") करून जोडा. नाव वरच्या ओळीत आणि पत्ता खाली पाहिजे असेल तर मधे कॉमाऐवजी कॅर(१०), म्हणजे नवी ओळ (इंग्रजीत CHAR), आणि सेलला रॅप टेक्स्ट. मर्ज अँड सेंटर तेवढं दाबू नका हं, पहिल्या सेलमधलंच राहतं, बाकी पुसलं जातं.

आता आपल्या भागातली खरी डोकेदुखी. तुमच्या यादीत काही नावं कन्नडमध्ये आहेत म्हणालाय. ती युनिकोडमध्ये, म्हणजे आत खरीच कन्नड अक्षरं, असतील तर मराठीशेजारी बिनधास्त बसतात. पण जुन्या नुडी फॉन्टात टाईप केलेली असतील तर आत खरं म्हणजे इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्टामुळं कन्नड दिसतात. आणि फॉर्म्युल्याच्या सेलला एकच फॉन्ट लावता येतो, अर्धा हा अर्धा तो चालत नाही. म्हणजे जोडल्यावर ती नावं सगळी कचरा दिसणार. त्या कॉलमचा फॉन्ट कुठला दाखवतोय ते आधी बघून सांगा, नुडी असेल तर पहिल्यांदा तो कॉलम युनिकोडमध्ये बदलून घ्यायला लागेल, मग जोडायचं.